अंगणाकडे तोंड करून पाहिलेली हॉकी

जगात हॉकी फक्त बायकाच खेळतात, अशी ठाम समजूत असलेली एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आहे, आणि ती माझ्या बायकोची सख्खी आत्या आहे. ही समजूत मला वेळेवर कळली असती, तर काही वर्षांपूर्वी मी पेढ्यांचा पुडा घेऊन चंद्रपूरहून धानोऱ्याला गेलो नसतो. झालं असं, की ऑफिसात कुणीतरी मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, हॉकीत आपल्याला पदक मिळालं. मला हॉकीतलं काही कळत नाही, पण सासरच्या माणसांना खूश करायची संधी लांबून ओळखता येते. धानोऱ्याच्या तहसिलीत एक काम रेंगाळलेलं होतंच. ते पुढे केलं, पेढे बांधून घेतले आणि एसटीत बसलो. आत्यांनी दार उघडलं, पुडा पाहिला आणि विचारलं, "कोण जिंकलं?" मी छाती काढून म्हटलं, "भारत." आत्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. वर्गात पहिल्या बाकावर बसून चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे मास्तर पाहतात, तसं. मग म्हणाल्या, "जवाई, ते पोट्टे जिंकले. आपली मॅच उद्या आहे." पुडा त्यांनी देवाच्या फळीवर ठेवला आणि वरून धुतलेला रुमाल टाकला. मी मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी 'आपण' हरलो, आणि तो पुडा दोरा न सोडता माझ्याबरोबर चंद्रपूरला परत आला.

आत्यांना पाहिलं तर या बाईंचा धावण्याशी काही संबंध असेल असं वाटत नाही. बुटक्या, अंगाने भरलेल्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती पातळ आणि त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नाला जायचं असो की मौतीला, बूट तेच. धानोऱ्याच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मुलींना हॉकी शिकवण्यात घालवला. स्वतःचं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर "टायमच भेटला नाई" एवढंच सांगत, आणि ते खरं असावं. निवृत्त झाल्यावर शाळेने शाल, नारळ दिला, पण गळ्यातली शिटी मागून घ्यायची राहून गेली. ती अजून त्यांच्या गळ्यात आहे. त्या शिटीने त्यांनी सुटलेली एसटी थांबवलेली आहे, भांडणारे शेजारी थांबवलेले आहेत, आणि आमच्या लग्नात तर जेवणाची पंगत चालू असताना मध्येच शिटी मारून वाढपे थांबवले होते. कारण काय, तर वरणाची बादली एकटाच माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत होता. "पास द्या, पास," म्हणून त्यांनी माझ्या दोन काकांना मांडवाच्या मध्यावर उभं केलं आणि माझ्या वडिलांना डाव्या अंगाला. वडील पुढे कितीतरी वर्षं सांगत, की आयुष्यात फक्त एकदा आपण लेफ्ट हाफ होतो आणि ते मुलाच्या लग्नात.

त्यांच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक आपलं, दुसरं पोरींचं. म्हणजे भारताच्या मुली ज्या देशात खेळायला गेल्या असतील त्या देशाचं. स्पर्धा ठरली की आत्या स्टुलावर चढून दुसऱ्या घड्याळाचे काटे फिरवतात. मी एकदा त्या घड्याळावर विसंबून निवांत आंघोळ केली, चहा घेतला, आणि स्टँडवर पोचलो तेव्हा गडचिरोलीची गाडी जाऊन पार थंड झाली होती. परत आलो तर आत्या म्हणाल्या, "तिथी आता पोरी नाश्ता करून राह्यल्या असतील. तुमीबी करा."

परदेशी संघांची त्यांची पारख ही सोयरिकीला आलेली माणसं पारखावी तशी. हॉलंडच्या मुली म्हणजे मोठ्या घरचे व्याही: उंच, गोरे, हसणं नाही, आणि मानपानात काही कमी पडू देणार नाहीत. अर्जेंटिनावाल्या भांडकुदळ, पण मनाने साफ. जपानच्या मुलींबद्दल त्यांना विशेष ममता. "आवाज नाई, बोभाटा नाई, आपलं काम बरोबर. अशी सून भेटाले नशीब लागते." ज्यांना मुलगाच नाही अशा बाईने सुनेची एवढी चोख कल्पना कुठून आणली, हे मी विचारलं नाही. ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं तर मात्र त्या नुसता पदर सावरतात.

शाळेत त्यांनी संघ उभा केला तो कशातून, हे ऐकण्यासारखं आहे. काठ्या कशाबशा मिळाल्या, पण गोलकीपरच्या पायाला बांधायचे पॅड कुठून आणायचे? आत्यांनी बुरडाकडून बांबूच्या कमट्या तासून घेतल्या, जुनी गादी फाडली, पोत्यात भरून शिवली आणि तेंदूपत्त्याच्या पुड्यांना बांधतात त्या दोराने मुलीच्या पायाला आवळली. ते बांधून उभी राहिलेली मुलगी धानाच्या दोन कोठ्यांमधून डोकं काढल्यासारखी दिसे. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या घरात तसा एक फोटो आहे, आणि त्या दोन कोठ्यांमधलं डोकं माझ्या बायकोचं आहे. ही शिकायला आत्यांकडे होती आणि शाळेच्या संघात गोलकीपर होती. तिच्या नडगीवर अजून एक टेंगूळ आहे. यावर करता येण्यासारखे सगळे विनोद मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच संपवले. ती त्यावर कधी हसली नाही, चिडलीही नाही.

पण आत्यांची खरी कमाई म्हणजे सगुणा. धानोऱ्याच्या आत जंगलात सगुणाचं गाव. आत्या एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुलं घ्यायला तिथे गेल्या होत्या. मोह वेचून आणला की अंगणात वाळायला पसरतात, आणि पसरला रे पसरला की गावातल्या बकऱ्यांना वास लागतो. म्हणून घरातलं एक लेकरू राखणीला ठेवतात. बाकीची लेकरं काठी घेऊन बकरीमागे धावतात, आणि एकीमागे धावलं की दुसरी शिरते. आत्यांनी पाहिलं, तर एका अंगणात एक पोरगी काठीबिठी न घेता, गुडघ्यात वाकून, हात पसरून मोहाच्या पुढे उभी आणि बकरी डावीकडे वळायच्या आधीच ही डावीकडे. ओरडणं नाही, दगड मारणं नाही. बकरी समोर येऊन उभी राहायची, विचार करायची आणि निघून जायची. आत्या मोहफुलं विसरल्या आणि तिथेच एका बाजेवर बसून राहिल्या. मग तिला विचारलं, "तुले कसं समजते व, कोणीकडं जाते तं?" पोरगी म्हणाली, "तोंड फसवते, बाई. पुढचा पाय नाई फसवत." आत्यांनी त्या दिवशी तिच्या मायबापाशी बोलणं केलं आणि तिला शाळेच्या वसतिगृहात आणलं. पुढे कितीतरी मोठमोठ्या शिक्षकांनी सगुणाला घडवलं, पण आत्यांचा धडा तेवढाच राहिला. सरावात समोरून कुणी चेंडू घेऊन आली, की मैदानाच्या कडेवरून आवाज जायचा, "बकरी आली व, सगुणा."

आता आत्यांच्या सगळ्यात मोठ्या विक्षिप्तपणाकडे येतो. मुलींच्या हॉकीचा एकही सामना या बाई चुकवत नाहीत आणि एकही सामना पाहत नाहीत. टीव्ही खोलीत लागतो, मोठ्या आवाजात लागतो, आणि आत्या ओसरीच्या पायरीवर टीव्हीकडे पाठ आणि अंगणाकडे तोंड करून, मांडीवर सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसतात. कारण विचारलं तर सांगतात, की माझे डोळे वाईट. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा मोठ्या स्पर्धेत आपल्या मुली जिंकत आल्या होत्या. शेवट जवळ आला, तेव्हा आत्यांना राहवलं नाही, त्यांनी मान वळवून पाहिलं, आणि त्याच क्षणी गोल बसला. तेव्हापासून त्यांनी स्वतःच्या नजरेला मैदानबंदी केली. खोलीत बसलेल्या माणसाने काय चाललंय ते त्यांना सांगायचं. पण त्यालाही नियम आहेत. झालं तेवढंच सांगायचं, 'अरेरे' म्हणायचं नाही, 'वा' म्हणायचं नाही. मला हे काम एकदाच मिळालं. पेनल्टी कॉर्नरला मी 'आता संपलं' असं म्हटलं, आणि आत्यांनी शिटी मारून मला बाहेर काढलं. पुढचा सगळा सामना मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसून डाळीतले खडे वेचले.

अशात मागच्या हिवाळ्यात बातमी आली, की सगुणा देशाच्या ज्युनिअर मुलींच्या संघात निवडली गेली आणि परदेशातल्या स्पर्धेत तीच गोलात उभी राहणार. आत्यांनी दुसऱ्या घड्याळाचे काटे फिरवले आणि आम्हाला बोलावणं धाडलं. उपांत्य सामना मुली हरल्या होत्या. आता तिसऱ्या जागेसाठी खेळायचं होतं. जिंकलं तर पदक, हरलं तर नुसतं परत येणं. आम्ही आदल्या दिवशीच धानोऱ्याला पोचलो. जाताना मी बायकोच्या नकळत पेढ्यांचा पुडा पिशवीच्या तळाशी घातला. माणूस अनुभवातून शिकतो असं म्हणतात, त्याला मी अपवाद.

संध्याकाळी सगुणाचा व्हिडिओ कॉल आला. आत्या व्हिडिओ कॉलसुद्धा कानाला लावून घेतात, त्यामुळे त्या पोरीला तिकडे सातासमुद्रापार आत्यांचा फक्त कान दिसत असणार. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"बाई, उद्या तुमी पाहा न."

आत्या म्हणाल्या, "माझे डोळे कसे आहेत, ते तुले ठाऊक आहे."

"आहे ठाऊक. तरी पाहा."

"काऊन व? पदक नाई पाहिजे काय तुले?"

"पाहिजे न. पण माय पाहीन तं तिले काही समजणार नाई, आन् ज्यायले समजते त्यायच्यात माझं माणूस नाई. गोलात लई एकटं वाटते, बाई. मांगं नुसती जाळी राह्यते."

आत्या "पाहू" म्हणाल्या आणि फोन ठेवला. 'पाहू' या शब्दाचा अर्थ मोठ्या माणसांच्या तोंडी काय असतो, ते सगुणालाही माहीत असणार. रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. पोरीने आजवर त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते नेमकं हे. पाहिलं आणि पदक गेलं, तर ते पोरीचं जाणार होतं. नाही पाहिलं, तर पोरगी त्या जाळीपुढे एकटी. माझी बायको ताटं उचलता उचलता आत्यांकडे दोन-तीनदा पाहून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना होता. सगुणाची माय सकाळच्या गाडीने आली. बाप धानाच्या राखणीला गावातच राहिला होता. ती बाई खुर्चीवर बसेना. खाली भिंतीला टेकून बसली, पदराची गाठ सोडून भाजलेले शेंगदाणे काढले आणि आमच्यापुढे ठेवले. सामना टीव्हीच्या चॅनलवर नव्हता, मोबाइलवरून लावायचा होता, आणि तेवढं तांत्रिक ज्ञान आमच्यात माझ्याकडेच असल्यामुळे तो लागायला वेळ लागला. लागला तेव्हा आत्या सूप घेऊन पायरीवर जाऊन बसलेल्या होत्या. पाठ आमच्याकडे. सगुणाच्या मायने त्या पाठीकडे पाहिलं आणि मग पडद्याकडे. पडद्यावर डोक्याला टोप, अंगाला चिलखत असं काहीतरी चालत आलं. "हे माझी आहे काय?" तिने विचारलं. बायको म्हणाली, "हो, मावशी. तुमचीच."

सांगायचं काम बायकोने केलं. मला त्या कामावरून मागेच कमी केलेलं होतं. ती इतकं नेमकं सांगत होती, की मी पडदा सोडून तिच्याकडेच पाहू लागलो. डावीकडून आली. पास दिला. सगुणाने पायाने अडवला. आवाजात चढ नाही, उतार नाही. पायरीवर डाळीचे खडे टिपले जात होते. आपण एक गोल केला, त्यांनी फेडला. मोबाइल दोनदा अडकला आणि पडद्यावर ते गोल चाक फिरत राहिलं, तेव्हा आत्यांचा हातही सुपात थांबून राहिला. वेळ संपली तेव्हा बरोबरी होती.

मग शूटआउट. म्हणजे सगळ्या मुली बाजूला होतात. गोलात एकटी गोलकीपर, आणि समोरून एकेक मुलगी चेंडू घेऊन धावत येते. मोजक्या सेकंदांत तिने गोल मारायचा किंवा हिने अडवायचा. बायकोने ते सांगितलं आणि ती थांबली. नियमात बसत नव्हतं, पण पुढे एक वाक्य ती बोललीच, "आत्या, आता ती एकटीच आहे."

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. आत्या उठल्या, बूट काढून खोलीत आल्या आणि टीव्हीच्या इतक्या जवळ जाऊन बसल्या की आम्हाला अर्धा पडदा दिसेना. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला, पुन्हा लावला. समोरून एक मुलगी निघाली. आत्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बकरी आली व." सगुणा गोल सोडून पुढे आली, गुडघ्यात वाकली, हात पसरले. ती मुलगी डावीकडे वळायच्या आधीच ही डावीकडे. चेंडू बाहेर गेला. त्यानंतरची एक आत गेली, एक पुन्हा अडली. आपल्या मुलींच्याही काही गेल्या, काही अडल्या. शेवटी एकच उरली. ती आत शिरली तर सगळं संपणार होतं. ती मुलगी डावीकडे जाईलसं दाखवून अचानक थांबली, उलटी फिरली, आणि आडव्या झालेल्या सगुणाच्या पायावरून चेंडू अलगद जाळीत गेला.

मी आत्यांच्या पाठीकडे पाहत होतो. आज ती पाठ टीव्हीकडे नव्हती, अंगणाकडे होती, आणि तरीही पाहवत नव्हती. सगुणाच्या मायला सगळं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं होतं. तिने विचारलं, "हारली?"

आत्या तिच्याकडे न वळता म्हणाल्या, "हारली. म्या पाह्यलं न."

माय हातातले शेंगदाण्याचे फोल झटकत म्हणाली, "बाई, एखादी बकरी शिरतेच. तिच्यानं काही मोहा सरत नाई."

थोड्या वेळाने फोन वाजला. या वेळी आत्यांनी तो कानाला लावला नाही, समोर धरला. पडद्यावर टोपाने चिकटलेले केस, लाल झालेले डोळे, मागे कुठल्यातरी अनोळखी भाषेतला गलका. सगुणाने आधी मायकडे पाहिलं, मग आत्यांकडे.

"बाई, पाह्यलं काय?"

"पाह्यलं."

"कुठून?"

"एकटी झाली तवापासून. समदं."

"शेवटच्या टायमाले?"

"पाय तुझा बरोबर पडला. त्या बकरीनं पायबी फसवला. अशी बकरी आपल्या इथी नाई. माझ्या डोळ्याचं…"

"डोळ्याचं काही नाई, बाई," पोरगी म्हणाली. "आज मांगं जाळी नोती वाटत." आणि मग तिला रडू आलं, म्हणून तिने फोन कुणाकडे तरी दिला आणि तो बंद झाला.

आत्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि खूप वेळ पुसत राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "जवाई, पेढे आणले असान न? काढा." माझ्या पिशवीच्या तळाशी काय असेल हे या बाईंना कसं कळलं, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. मी पुडा काढला. आत्यांनी स्वतः दोरा सोडला, पहिला पेढा सगुणाच्या मायच्या हातावर ठेवला, आणि स्टुलावर चढून दुसऱ्या घड्याळाचे काटे आपल्या वेळेवर आणले.

आम्ही संध्याकाळी निघालो. गडचिरोली मागे पडली. गाडीतली शांतता मला सहन होत नाही, म्हणून मी म्हणालो, की आत्यांचंही काय ते एकेक. टीव्हीकडे पाठ केली काय आणि तोंड केलं काय, तिकडच्या बकरीला थोडंच कळतं. वैनगंगेचा पूल आला. खाली पाणी फारसं नव्हतं, होतं त्यावर उजेडाची शेवटची पट्टी होती. बायको खिडकीबाहेर पाहत होती.

"टीव्हीचं नंतरचं आहे," ती म्हणाली. "शाळेच्या सामन्यात मी गोलात असतानाही ती मैदानाकडे पाठ करूनच उभी राह्यची. मले वाटे, मी चांगली खेळत नाई म्हणून पाहत नाई. पाहा म्हणावं, हे मले कधी सुचलंच नाई."